कंपनीचा अहवाल आणि भागधारकाचा वाटा

भागधारक हा कंपनीचा मालक असतो, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे विधान खरे आहे; परंतु या मालकीचे मोजमाप कसे होते, ते वार्षिक अहवालात कोठे आढळते आणि कोणत्या कारणांनी ते वाढते अथवा घटते, याची कल्पना पुष्कळ भागधारकांना नसते. एके काळी कंपन्यांचे भाग ही शहरांतील मोजक्या धनिकांची बाब होती. आज शिक्षक, शासकीय कर्मचारी, शेतकरी व सेवानिवृत्त व्यक्ती यांची बचत, कधी प्रत्यक्ष तर कधी म्युच्युअल फंड वा निवृत्तिवेतन निधीच्या मार्गाने, कंपन्यांच्या भागांत गुंतलेली असते. म्हणून अहवालातील तीन गोष्टी प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे. पहिली गोष्ट म्हणजे भागधारकांचा निधी, दुसरी कर्मचाऱ्यांना दिलेले भाग-विकल्प आणि तिसरी प्रतिभाग उत्पन्न. या तिन्हींचा एकमेकींशी निकटचा संबंध आहे. त्यांतील एकच आकडा उचलून निष्कर्ष काढणारा मनुष्य बहुधा फसतो.

छत्रीबागेतील एक कल्पित कंपनी

इंदूर शहरात होळकर घराण्याच्या छत्र्यांवरून ज्या भागाला नाव मिळाले, त्या छत्रीबागेत चार कुटुंबांनी मिळून पीठ व मसाले दळण्याची एक लहान कंपनी काढली, अशी कल्पना करावी. कंपनीने प्रत्येकी १०० रुपये दर्शनी किमतीचे १,००० भाग विकले आणि १,००,००० रुपये जमविले. ही रक्कम म्हणजे कंपनीचे वसूल भागभांडवल होय. पहिल्या वर्षी कर वजा जाता २०,००० रुपये नफा झाला. त्यातून ८,००० रुपये लाभांश म्हणून वाटण्यात आले व १२,००० रुपये धंद्यात ठेवण्यात आले. हे १२,००० रुपये वाटले गेले नाहीत, तरी ते भागधारकांचेच आहेत. त्यांची नोंद राखून ठेवलेला नफा म्हणून होते.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यास कंपनीला नवी चक्की घ्यावयाची होती. तिने आणखी २५० भाग प्रत्येकी १४० रुपयांस विकले. त्यांपैकी १०० रुपये दर्शनी किंमत भागभांडवलात जमा झाली आणि वरचे ४० रुपये अधिमूल्य म्हणून वेगळ्या खात्यात जमा झाले. शिवाय बँकेकडून ५०,००० रुपये कर्ज घेण्यात आले. त्या वर्षी २२,५०० रुपये नफा झाला आणि लाभांश दिला गेला नाही. वर्षअखेर भागधारकांचा निधी पुढीलप्रमाणे होईल :

भागभांडवल — १,२५,००० रुपये
भाग अधिमूल्य — १०,००० रुपये
राखून ठेवलेला नफा — ३४,५०० रुपये
एकूण — १,६९,५०० रुपये

हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही काढता येतो. चक्क्या, धान्य, येणे रक्कम व रोकड मिळून कंपनीची मालमत्ता २,१९,५०० रुपये आहे. तीतून बँकेचे ५०,००० रुपये वजा केले की १,६९,५०० रुपयेच उरतात. भागधारकांचा निधी ही कोठे तिजोरीत ठेवलेली थैली नव्हे. सर्वांचे देणे भागवून जे शिल्लक राहील, त्याचे ते नाव आहे. या रकमेस १,२५० भागांनी भागले असता दर भागामागे १३५ रुपये ६० पैसे येतात. याला भागाचे पुस्तकी मूल्य म्हणतात. बाजारातील किंमत याहून अधिक वा उणी असू शकते, कारण बाजार मागील हिशेबापेक्षा पुढील अपेक्षेकडे पाहतो.

कंपनी कायदा, २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीत ताळेबंदाचा नमुना दिलेला आहे. मोठ्या व भागबाजारात नोंदलेल्या बहुतेक कंपन्यांच्या ताळेबंदात भागभांडवल ही एक ओळ आणि अधिमूल्य, राखीव निधी, राखून ठेवलेला नफा इत्यादींची मिळून दुसरी ओळ असते. वर्षभरात या रकमा कशा बदलल्या, याचे स्वतंत्र पत्रकही जोडलेले असते. पुष्कळ वाचक ते पान न वाचताच उलटतात. वस्तुतः भागधारकाच्या दृष्टीने महत्त्वाचा मजकूर तेथेच असतो.

देणेकऱ्यांचे आधी, मालकांचे शेवटी

शिल्लक उरेल ते भागधारकांचे, या नियमाची दुसरी बाजू कठोर आहे. शिल्लक न उरल्यास भागधारकांस काहीही मिळत नाही. कंपनी बुडाली व तिची मालमत्ता विकावी लागली, तर कामगारांची कायदेशीर देणी व तारण घेऊन कर्ज देणाऱ्या संस्था यांचा हक्क आधी येतो. इतर धनको त्यानंतर येतात आणि समभागधारकांचा क्रम सर्वांच्या शेवटी लागतो.

इंदूरच्या नागरिकांना हा नियम पुस्तकातून शिकावा लागला नाही. शहरातील हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न तीन दशकांहून अधिक काळ रेंगाळला. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश परिसमापक व कामगार संघटनांच्या प्रतिनिधींकडे सुपूर्द करण्यात आला. ज्यांचा हक्क कायद्याने अग्रक्रमाचा मानला, त्यांनाही इतकी वर्षे थांबावे लागले. अशा प्रसंगी रांगेत अखेरीस उभ्या असलेल्या भागधारकाची स्थिती काय होते, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रतिभाग उत्पन्न म्हणजे काय?

कंपनीला किती नफा झाला, यापेक्षा आपल्या एका भागाच्या वाट्याला किती नफा आला, हा प्रश्न भागधारकास अधिक जवळचा असतो. याचे उत्तर प्रतिभाग उत्पन्न या आकड्यातून मिळते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘ईपीएस’ असे म्हणतात. समभागधारकांच्या वाट्याच्या नफ्यास समभागांच्या संख्येने भागले की तो आकडा येतो.

छत्रीबागेतील कंपनीने पहिल्या वर्षी १,००० भागांवर २०,००० रुपये मिळविले; म्हणजे दर भागास २० रुपये झाले. दुसऱ्या वर्षी भाग १,२५० असले, तरी त्यांपैकी २५० भागांचा पैसा अर्धेच वर्ष कामास आला. म्हणून ते १२५ धरावे लागतात. अशा भारित सरासरीने भागांची संख्या १,१२५ होते आणि २२,५०० रुपयांस तिने भागले असता पुन्हा २० रुपयेच येतात. नफा साडेबारा टक्क्यांनी वाढला. परंतु जुन्या भागधारकाच्या एका भागाचे उत्पन्न जागच्या जागी राहिले. केवळ नफ्यातील वाढ पाहून समाधान मानणाऱ्याच्या ही गोष्ट ध्यानात येत नाही.

प्रतिभाग उत्पन्न हा लाभांश नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. वीस रुपये उत्पन्न झाले म्हणून वीस रुपये हाती येतीलच असे नाही. त्यातून किती वाटावयाचे, याची शिफारस संचालक मंडळ करते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा त्यास संमती देते.

कर्मचाऱ्यांचे भाग-विकल्प

चांगल्या कर्मचाऱ्याने कंपनी सोडून जाऊ नये आणि कंपनीच्या प्रगतीत त्याचे हित गुंतावे, यासाठी त्यास भविष्यात ठराविक किमतीस भाग घेण्याचा हक्क देतात. यास भाग-विकल्प किंवा प्रचलित भाषेत ‘स्टॉक ऑप्शन’ असे म्हणतात. हा हक्क असतो, सक्ती नसते. भागाची किंमत वाढली तर कर्मचारी तो वापरतो. न वाढल्यास सोडून देतो. भारतात १९९० च्या दशकात या पद्धतीचा प्रसार झाला. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिस या कंपनीने १९९४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशी योजना आणली आणि पगारदार मनुष्यही भागांमुळे संपन्न होऊ शकतो, ही गोष्ट मध्यमवर्गीय कुटुंबांच्या प्रथमच लक्षात आली.

या योजनेसाठी भागधारकांचा विशेष ठराव आवश्यक असतो. भागबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ‘सेबी’चे २०२१ चे विनियम लागू आहेत. विकल्प दिल्यापासून तो वापरण्याचा हक्क पक्का होईपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते. प्रवर्तकांना व स्वतंत्र संचालकांना असे विकल्प देता येत नाहीत. जे भागधारक सभेच्या सूचनेकडे दुर्लक्ष करतात, ते आपल्या मालकीत वाटेकरी वाढविण्याच्या निर्णयावर मत देण्याची संधी गमावतात.

विकल्पाची नोंद दोन ठिकाणी होते. छत्रीबागेतील कंपनीने आपल्या कुशल मिस्त्रीस तीन वर्षांनी १२० रुपयांप्रमाणे १०० भाग घेण्याचा हक्क दिला, असे समजावे. देण्याच्या दिवशी अशा एका हक्काचे वाजवी मूल्य ३० रुपये ठरले, तर एकूण ३,००० रुपये होतात. ही रक्कम तीन वर्षांत विभागून दरवर्षी १,००० रुपये कर्मचारी-खर्च म्हणून नफ्यातून वजा होते आणि तेवढीच रक्कम भागधारकांच्या निधीत विकल्पांच्या स्वतंत्र शीर्षाखाली जमा होते. तिजोरीतून रोकड गेली नाही, म्हणून खर्च झाला नाही, असे मानणे योग्य नव्हे. मिस्त्रीने श्रम दिले आणि भागधारकांनी मोबदल्यात आपल्या मालकीचा अंश देऊ केला. हा खर्चच होय.

दुसरी नोंद प्रतिभाग उत्पन्नात होते. तिसऱ्या वर्षी हा खर्च वजा जाता कंपनीस २५,००० रुपये नफा झाला. भाग १,२५० असल्याने मूळ प्रतिभाग उत्पन्न २० रुपये आले. आता भागाची किंमत १६० रुपये आहे, असे धरावे. मिस्त्रीने हक्क बजावल्यास कंपनीला १२,००० रुपये मिळतील. एवढ्या रकमेत चालू भावाने ७५ भाग आले असते; प्रत्यक्षात १०० भाग द्यावे लागतील. म्हणजे २५ भाग जणू विनामूल्य गेले. हे २५ भाग मिळवून संख्या १,२७५ होते आणि प्रतिभाग उत्पन्न १९ रुपये ६१ पैसे येते. अहवालात पहिल्या आकड्यास ‘बेसिक’ आणि दुसऱ्यास ‘डायल्यूटेड’ असे म्हटलेले असते. दुधात पाणी मिसळल्यावर ते जसे पातळ होते, तसे नव्या भागांनी जुन्या भागांचे उत्पन्न किती पातळ होईल, हे दुसरा आकडा सांगतो. दोन्ही आकडे नफा-तोटा पत्रकाच्या अखेरीस छापणे बंधनकारक आहे. त्यांतील अंतर अल्प असल्यास चिंतेचे कारण नाही. ते वर्षानुवर्षे रुंदावत असल्यास भागधारकांनी सभेत विचारणा करावी.

अंमळनेरचे उदाहरण

जळगाव जिल्ह्यातील अंमळनेर येथे २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तूप व खाद्यतेल तयार करणारी कंपनी नोंदविण्यात आली. तीच पुढे विप्रो या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. खानदेशातील अनेक कुटुंबांनी या कंपनीचे भाग घेतले व पिढ्यान्‌पिढ्या जपले. भागांची संख्या कशी बदलते, हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

या कंपनीने २००४ मध्ये एका भागास दोन, २००५ मध्ये एकास एक, २०१० मध्ये तीन भागांस दोन, २०१७ मध्ये एकास एक, २०१९ मध्ये तीन भागांस एक आणि डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक याप्रमाणे बक्षीस भाग दिले. २००४ च्या आरंभी एखाद्या कुटुंबाकडे ३०० भाग असतील व त्याने एकही विकला वा नवा घेतला नसेल, तर ते क्रमाने ९००, १,८००, ३,०००, ६,०००, ८,००० व १६,००० झाले. २०१३ मध्ये कंपनीने तेल, साबण आदी व्यवसाय वेगळे केले. त्यामुळे झालेले बदल या हिशेबात धरलेले नाहीत.

भाग वाढले म्हणून संपत्ती त्याच प्रमाणात वाढली, असे मात्र नव्हे. बक्षीस भाग देताना कंपनीत बाहेरून एक पैसाही येत नाही. राखीव निधीतील रक्कम भागभांडवलाच्या ओळीत जाते, एवढेच; भागधारकांच्या निधीची बेरीज बदलत नाही. एका भाकरीचे चारऐवजी आठ तुकडे केल्याने भाकरी मोठी होत नाही. अंमळनेरच्या भागधारकांची संपत्ती वाढली ती या काळात कंपनीने कमावलेल्या व धंद्यात राखलेल्या नफ्यामुळे. भागांच्या संख्येमुळे नव्हे.

या संख्येचा प्रतिभाग उत्पन्नावर होणारा परिणाम ध्यानात न घेतल्यास मोठी दिशाभूल होते. २०२३-२४ या वर्षी कंपनीचा नफा सुमारे ११,०४५ कोटी रुपये होता व मूळ प्रतिभाग उत्पन्न २० रुपये ८९ पैसे होते. २०२४-२५ मध्ये नफा सुमारे १३,१३५ कोटी रुपये झाला आणि प्रतिभाग उत्पन्न १२ रुपये ५६ पैसे झाले. दोन जुने-नवे अहवाल शेजारी ठेवून पाहणाऱ्यास उत्पन्न एकदम कोसळले, असे वाटेल. प्रत्यक्षात दरम्यान एकास एक बक्षीस भाग दिले गेले होते. अशा वेळी मागील वर्षाचा आकडाही नव्या संख्येनुसार सुधारून छापावा लागतो. तो १० रुपये ४४ पैसे येतो. त्याच्याशी तुलना केल्यास उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचे दिसते.

येथे आणखी एक बारकावा आहे. नफा सुमारे १९ टक्क्यांनी वाढला, तर प्रतिभाग उत्पन्न त्याहून किंचित अधिक वाढले. याचे कारण २०२३ मधील भागांच्या पुनर्खरेदीत आढळते. कंपनीने प्रत्येकी ४४५ रुपये दराने १२,००० कोटी रुपयांचे भाग परत घेऊन रद्द केले. त्यामुळे वाटेकरी भाग कमी झाले. अर्थात, त्यासाठी १२,००० कोटी रुपये कंपनीबाहेर गेले आणि भागधारकांचा निधीही तेवढ्याने घटला. म्हणून पुनर्खरेदीने वाढलेले प्रतिभाग उत्पन्न व धंद्याच्या वाढीने वाढलेले प्रतिभाग उत्पन्न यांत भेद केला पाहिजे.

नफ्याचे स्वरूप : इंदूरचे उदाहरण

भागांच्या संख्येप्रमाणेच नफा कोठून आला, हेही पाहणे आवश्यक आहे. इंदूर येथून कारभार चालविणाऱ्या रुची सोया इंडस्ट्रीज या खाद्यतेल कंपनीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. माळव्यातील सोयाबीनच्या प्रसाराशी निगडित असलेली ही कंपनी कर्जात बुडाली आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिच्याविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरी निराकरणाची प्रक्रिया सुरू झाली. वित्तीय धनकोंचे येणे ९,३०० कोटी रुपयांहून अधिक होते. पतंजली समूहाची सुमारे ४,३५० कोटी रुपयांची योजना २०१९ मध्ये मंजूर झाली व त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमलात आली.

धनकोंनाच येण्याचा मोठा भाग सोडावा लागला, तेथे जुन्या भागधारकांची सुटका होणे शक्य नव्हते. त्यांच्या दर १०० भागांचा एक भाग करण्यात आला. ज्याच्याकडे ५०० भाग होते, त्याच्या खात्यात पाच उरले. नव्या मालकांना नवे भाग देण्यात आले आणि समूहाकडे जवळजवळ ९९ टक्के मालकी गेली. जानेवारी २०२० मध्ये भागाचे व्यवहार सुमारे १७ रुपयांच्या पातळीवर पुन्हा सुरू झाले आणि जूनअखेर भाव १,५०० रुपयांवर गेला. लोकांच्या हाती जेमतेम एक टक्का भाग होते; विकण्यास भागच थोडे, म्हणून अल्प मागणीनेही भाव चढत गेला. त्या भावावरून कंपनीचे खरे मूल्य ठरविणे धोक्याचे होते.

२०१९-२० च्या अहवालात या कंपनीचा नफा सुमारे ७,६७० कोटी रुपये दिसतो. परंतु त्यांपैकी सुमारे ७,४५० कोटी रुपये ही अपवादात्मक बाब होती. निराकरण योजनेनुसार जी देणी फेडावयाची राहिली नाहीत, ती हिशेबात नफ्याच्या बाजूस आली होती. तेल विकून मिळालेला तो पैसा नव्हता. पुढील वर्षी, २०२०-२१ मध्ये, नफा सुमारे ६८१ कोटी रुपये व प्रतिभाग उत्पन्न सुमारे २३ रुपये होते. या दोन वर्षांची केवळ आकड्यांनी तुलना करणारा कंपनीचा धंदा बुडाला असे म्हणेल, आणि त्याचे म्हणणे चुकीचे ठरेल. मार्च २०२२ मध्ये प्रत्येकी ६५० रुपयांस भाग विकून जनतेकडून ४,३०० कोटी रुपये उभारण्यात आले आणि जूनमध्ये कंपनीचे नाव पतंजली फूड्स झाले.

अहवाल वाचताना

वरील विवेचनावरून भागधारकाने विचारावयाचे प्रश्न सहज तयार होतात :

१. भागधारकांचा निधी वाढला असेल, तर तो राखलेल्या नफ्याने वाढला की नवे भाग विकल्याने?

२. वर्षारंभी किती भाग होते व वर्षअखेर किती झाले? बदल बक्षीस भागांमुळे, नव्या विक्रीमुळे, पुनर्खरेदीमुळे की विकल्पांमुळे झाला?

३. मागील वर्षाचे प्रतिभाग उत्पन्न त्याच अहवालातून घेतले आहे काय? जुन्या अहवालातील आकडा तुलनेस घेऊ नये.

४. ‘बेसिक’ व ‘डायल्यूटेड’ या आकड्यांत किती अंतर आहे?

५. नफ्यात अपवादात्मक बाब आहे काय? असल्यास ती वगळून काय उरते?

६. कंपनीवरील कर्ज भागधारकांच्या निधीच्या तुलनेत किती आहे?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांपलीकडचे गणित लागत नाही. माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी सरासरी व टक्केवारीचे पाठ घेताना छत्रीबागेतील कंपनीसारखी उदाहरणे फळ्यावर मांडल्यास विद्यार्थ्यांना गणिताचा व्यवहारातील उपयोग कळेल, आणि घरी आलेला अहवाल तेच वडीलधाऱ्यांना समजावून सांगू शकतील. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात अशा अहवालाची एखादी प्रत ठेवून सामुदायिक वाचन करणेही उपयुक्त ठरेल.

ज्या कुटुंबांत जुनी भाग-प्रमाणपत्रे आहेत, त्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही, तर तो लाभांश व ते भाग केंद्र शासनाच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. हक्क सिद्ध करून ते परत मिळविता येतात. परंतु त्यास वेळ व कागदपत्रे लागतात. म्हणून वारसांची नावे, पत्ता व बँक खाते वेळीच नोंदवून भाग डीमॅट खात्यात आणावेत.

भागधारकाला कायद्याने मत देण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि हिशेब पाहण्याचा अधिकार दिला आहे. हिशेब वाचता न येणाऱ्यास या अधिकारांचा उपयोग होत नाही. अहवालातील नफ्याचा आकडा दिसताच तो किती भागांत वाटला जाणार आणि तो कोठून आला, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर भागधारकाची मालकी कागदापुरती राहणार नाही.